लाकडी घाटातला शनिवार

नाना, काल मिलिंदचा पुण्याहून फोन आला. तेराव्याला तुमचा फोटो लावायचाय म्हणाला. "तो पार्कातला ई-मेल कर ना मेधा. हसरा तेवढा एकच आहे त्यांचा. इथले सगळे पासपोर्टसाठी काढल्यासारखे आहेत." मी बरं म्हटलं आणि फोटो उघडून बसले. तुमचे उरलेसुरले केस उभे राहिलेत, चष्मा खिशात आहे, ईशाने तुमचा दंड घट्ट धरलाय आणि तुम्ही इतकं तोंड उघडून हसताय की पडलेल्या दाढेची जागासुद्धा दिसते. खाली कोपऱ्यात कॅमेऱ्याने नारिंगी आकड्यांत तारीख छापली आहे. ती कापून टाकता येईल. पण तेराव्याला समोरच्या सतरंजीवर तुमच्या वहिनी, आमच्या माई, बसणार. त्यांचे यजमान, तुमचे दादा, गेले त्या दिवशीचा हा फोटो आहे, हे ओळखायला माईंना तारखेची गरज नाही.

म्हणून पाठवण्याआधी तुमच्याशी बोलायला बसले. तिकीट एकच मिळालं, ईशाची शाळा चालू, म्हणून मिलिंद एकटा गेला आणि आम्ही दोघी इथे अमेरिकेत, हर्नडनला राहिलो. सासऱ्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही म्हणून सगळे मला फोनवर हळहळून दाखवतात. मीही हळहळते. पण माईंच्या समोर जाणं टळलं म्हणून आत कुठेतरी मला सुटल्यासारखं झालं, हे त्यांना कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ते तसंही ओळखलं असतंत.

तुमच्याशी भांडायची मला इतकी सवय आहे की अजून मनात वाक्य जुळवताना तुमच्या उत्तरासाठी थांबते. डिशवॉशरचं आपलं भांडण तर अर्धवटच राहिलं. तुम्ही आधी सगळी भांडी स्वच्छ घासायचात आणि मग त्यात लावायचात. "अहो नाना, मग मशीन कशाला घेतलंय?" म्हटलं की म्हणायचात, "मशीन झालं म्हणून काय उष्टं द्यायचं त्याला?" मी चिडायचे. तुम्ही माझं चिडणं बघायला मुद्दाम एखादा चमचा पुन्हा घासायचात. परवा तुमची बातमी आली, त्यानंतर मी सिंकपाशी उभी राहून एक एक ताट घासलं आणि मग आत लावलं. ईशा म्हणाली, "आई, यू आर डूइंग इट लाइक नाना." मग आम्ही दोघी रडलो.

पण मला बोलायचंय ते त्या शनिवारबद्दल.

दोन हजार चारचा उन्हाळा होता. इतकी वर्षं अपार्टमेंटांत काढून आम्ही हे टाऊनहाऊस घेतलं होतं आणि तुम्ही सहा महिन्यांसाठी आला होतात. आल्या दिवशी तुम्ही सगळ्या खोल्यांतून फिरलात, भिंतीवर टकटक केलंत आणि म्हणालात, "पुठ्ठ्याचं का असेना, स्वतःचं आहे. वास्तुशांत करून घ्या." माझ्याही मनात तेच होतं. पण इथे गुरुजी मिळायचे म्हणजे डॉक्टरच्या वरताण. आधी एकदा त्यांना जमेना, एकदा मिलिंदला ऑफिसच्या कामाने जावं लागलं. शेवटी त्या रविवारची तारीख मिळाली. चाळीसेक माणसं बोलावली. इथल्याच ओळखीच्या शैलाकाकूंकडून त्यांचं ते प्रसिद्ध मोठं पातेलं आणलं, आणि शुक्रवारीच पुरण शिजवून, वाटून, त्यातच भरून फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिजचं दार लागेना म्हणून तुम्ही खालचा कप्पाच काढून टाकलात. त्या दिवशी मी किती खूष होते नाना! माझं घर, माझी पूजा, माझ्या पुरणपोळ्या. हावच सुटली होती म्हणा ना.

शनिवारी सकाळी तुम्ही फिरायला गेला होतात, मिलिंद वर आंघोळीला, आणि फोन वाजला. दादांचा शिरीष होता. "वहिनी, बाबा गेले. दुपारी झोपेतच. संध्याकाळी नेणार आहोत. नानांना द्या जरा."

मी म्हटलं, "ते फिरायला गेलेत. मी सांगते त्यांना. आणि शिरीष, आज त्यांना फोनवर बोलवणार नाही हो. उद्या-परवा करतील ते."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की जणू मी ते पाठ करून ठेवलं होतं. आणि एका अर्थी ते पाठच होतं. माझ्या भावाच्या मुंजीच्या आदल्या दिवशी कोकणातून तार आली होती. चुलत आजोबा आजारी होते हे सगळ्यांना माहीत होतं, तारेत काय असणार तेही. आईने ती न उघडता देवघरातल्या फळीवर ठेवली, मुंज झाली, पंगती उठल्या आणि मग उघडली. सुतक कळल्यापासून धरायचं असतं. कळलंच नाही तर ते लागत नाही. मोठ्या झाल्यावर मी आईच्या त्या हुशारीची गोष्ट मैत्रिणींना हसत सांगायचे.

तेव्हा फोन ठेवल्यावर मी दुःख करत बसले नाही. मी हिशोब केला. नाना आणि मिलिंद यांना उद्या संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर पूजा होते. मिलिंद खाली आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "शिरीषचा फोन होता. दादांना ॲडमिट केलंय, जरा सिरियस आहे. नानांना बोलू नकोस, त्यांचं बीपी शूट होईल." तो शिरीषला फोन करतो म्हणाला. मी म्हटलं, "सगळे हॉस्पिटलात असतील, कोण उचलणार? संध्याकाळी करू." बिचाऱ्याने ऐकलं. म्हणजे घरात सुतक फक्त मला लागलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून पूजेच्या पाटावर बसणार होते तीही मीच.

आता दिवसभर पुण्या-मुंबईचे फोन येणार. म्हणून मी फोनची वायर काढली आणि जाहीर केलं की आज बाहेर जायचं. तुम्ही नुकते चहाला टेकला होतात. बशीतला चहा तसाच ठेवून म्हणालात, "उद्या चाळीस पानं उठायचीत आणि आज जत्रा? सूनबाई, ताप नाही ना आलेला?"

"तयारी झालीये सगळी. ईशाला मी केव्हाचं प्रॉमिस केलंय, रोलर कोस्टरचं."

ईशाला मी असलं काही प्रॉमिस केलेलं नव्हतं. तीसुद्धा माझ्याकडे बघत राहिली. पण सात वर्षांचं पोर अशा वेळी कशाला तक्रार करेल?

तीन तासांच्या ड्राइव्हवर, पेनसिल्वेनियाच्या डोंगरांत तो जुना पार्क आहे. आपल्या लोकांना तो फार आवडतो, कारण आत जायला तिकीट नाही आणि झाडांखालच्या बाकांवर घरचा डबा उघडून बसता येतं. तिथे जायचं आणि आपलं कुणी भेटणार नाही असं समजायचं, हा माझा दुसरा मूर्खपणा. तिकडे पुण्यात दादांना अग्नी दिला तेव्हा आपण गाडीत होतो. तुम्ही पुढे बसून रस्त्यावरच्या गावांची नावं मोठ्याने वाचत होतात आणि ईशा मागून तुमचे उच्चार सुधारत होती. मी तिच्या शेजारी, मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन.

तुम्हाला तो पार्क पाहिल्याबरोबर आवडला. ती उंच झाडं, जुन्या लाकडी घोड्यांचं गोल फिरणारं चक्र, त्याचं ते पेटीसारखं वाजणारं संगीत, तळणीचा आणि साखरेचा वास. "ही खरी जत्रा," म्हणालात. "मागच्या वेळी नेलंत ते सगळं प्लास्टिक होतं." आणि मग झाडांच्या मागे तुम्हाला तो पांढऱ्या रंगाचा लाकडी सांगाडा दिसला. फळ्या, आडवे वासे, उभे वासे, आणि त्यावरून वळणं घेत पळणारी छोटी गाडी. तुम्ही कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिलात. "घाट आहे हा," म्हणालात. "लाकडी घाट."

मिलिंद त्या गाडीची तिकिटं आणायला गेला. रांगेच्या तोंडाशी एक पाटी होती. तुम्ही सवयीप्रमाणे ती मोठ्याने वाचलीत. हृदयविकार असणाऱ्यांनी, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि रक्तदाब असणाऱ्यांनी बसू नये. "हाय ब्लड प्रेशर," तुम्ही पुन्हा वाचलंत. "हे तर माझंच नाव लिहिलंय गं. बसू का?"

मी तुम्हाला एरवी लोणच्याची फोड घेऊ देत नव्हते. त्या दिवशी मी म्हटलं, "बसा हो नाना. सगळीकडे लिहितात असं. इन्शुरन्ससाठी असतं ते."

त्या दिवशी मी तुम्हाला कशालाच नाही म्हणू शकले नसते. तुम्ही आनंदात असलात की मला जरा कमी टोचत होतं, म्हणून मी तुम्हाला आनंदात ठेवत होते. तुमच्यासाठी नव्हे.

मी खाली कुंपणापाशी उभी राहिले. साखळी कटकट करत गाडी वर ओढत होती. तुमचा पांढरा शर्ट आणि शेजारी ईशाच्या दोन वेण्या, एवढंच दिसत होतं. माथ्यावर गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग सगळा सांगाडा हलवत खाली आली. तुमचा आवाज आला, "अगं आई गं!" आणि त्याच्या मागोमाग हसणं. नाना, तुमच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या कोट्या ऐकल्या, चिमटे ऐकले, पण असं हसताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. मिलिंदच्या आई गेल्यानंतर तर नाहीच. मी कुंपणाला धरून तो आवाज ऐकत होते आणि मला वाटत होतं, कुणीतरी येऊन मला एक थोबाडीत मारावी.

बाहेर आलात तेव्हा मिलिंदने तो फोटो काढला. तुम्ही बाकावर बसलात, पाणी प्यायलात आणि मला जवळ बोलावून म्हणालात, "मी आणि दादा जत्रेत पाळण्यात बसायचो. चार खोक्यांचा लाकडी पाळणा, माणसं हाताने फिरवायची. वर गेलं की दादा डोळे मिटायचा आणि खाली आल्यावर सांगायचा, मी नव्हते मिटले. त्याला इथे बसवायला पाहिजे. पुढच्या वर्षी त्याला घेऊनच येतो, बघ तू. संध्याकाळी फोन लाव मला, आजच सांगतो त्याला."

मी म्हटलं, "लावू या."

ते "लावू या" मला अजून ऐकू येतं. भाजी निवडताना, गाडी चालवताना, कधीही.

आणि समोरून शैलाकाकू आल्या. त्यांच्याकडे भारतातून पाहुणे आले होते, त्यांना पार्क दाखवायला आणलं होतं. एरवी दुरूनच हाका मारणारी ती बाई छातीवर हात ठेवून, पावलं न वाजवता आली आणि थेट तुमच्यासमोर उभी राहिली.

"नाना, फार वाईट झालं हो. सकाळी बहिणीचा फोन आला माझ्या. माईंच्याच सोसायटीत राहते ना ती. म्हणाली, दादा गेले. सकाळपासून तुमचा फोन ट्राय करतेय, लागतच नाहीये." मग त्यांची नजर तुमच्या उभ्या केसांवर गेली, तुमच्या हातातल्या ईशाच्या साखरेच्या गुलाबी कापसावर गेली. "आणि तुम्ही... इथे?"

तुम्ही आधी मिलिंदकडे पाहिलंत. तो पांढराफटक पडला होता. मग माझ्याकडे पाहिलंत. मी कुठे पाहत होते कोण जाणे. तेवढ्यात तुम्हाला सगळं कळलं असणार, कारण तुम्ही तो गुलाबी कापूस ईशाच्या हातात दिलात, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "हो. सकाळीच कळलं. मुलांनी लगेच सांगितलं मला. मीच म्हटलं, घरात बसवत नाही, कुठेतरी घेऊन चला."

"असं होय," शैलाकाकू म्हणाल्या. त्या दोन शब्दांत जेवढं मावतं तेवढं सगळं होतं. "मग उद्याची पूजा?"

"छे हो, पूजा कसली आता. मेधा करणारच आहे सगळ्यांना फोन."

जाता जाता त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पातेलं राहू दे गं. घाई नाही."

त्या बाईने मुद्दाम काही केलं नाही. जे पाहिलं, जे तुमच्या तोंडून ऐकलं, ते बहिणीला सांगितलं आणि बहिणीने सोसायटीत. सख्खा भाऊ गेल्याचं सकाळी कळलं आणि नाना दुपारी पाळण्यात बसून खिदळत होते. तसंही सकाळीच कळलं असं शिरीषलाही वाटत होतं, कारण तसं मीच त्याला म्हटलं होतं. माझं खोटं आणि तुमचं खोटं एकमेकांत इतकं चपखल बसलं की पुण्यात कुणाला शंकासुद्धा आली नाही.

परतीच्या वाटेवर तुम्ही गावांची नावं वाचली नाहीत. बऱ्याच वेळाने ईशा म्हणाली, "नाना, डिड आय डू समथिंग?" तुम्ही मागे वळून तिच्या गुडघ्यावर हात ठेवलात. "नाही गं राणी. त्या गाडीने पोटात कालवतंय जरा." घरी आल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केलीत. मग ओल्या केसांनी हॉलमध्ये येऊन, कुणालाही न विचारता, फोनची वायर जागेवर लावलीत. तिकडे सकाळ झाल्यावर पुण्याला फोन केलात. शिरीष बोलला. माई आत होत्या, आल्या नाहीत.

मिलिंद माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मी त्याला सांगितलं, मला तुमच्या बीपीची भीती वाटली, तुम्हा दोघांना एकदम सांगणार होते, सोमवारी. त्याला ते पटलं. बीपीचं निमित्त आपल्याकडे कुणालाही पटतं.

रविवारी सकाळी, पूजेच्या वेळेला, मी चौरंगावरचं लाल कापड घडी करत होते. तुम्ही समोरच्या खुर्चीत होतात. म्हणालात, "मेधा, एकच विचारतो. माझ्या बीपीसाठी की पूजेसाठी?"

"बीपीसाठी, नाना."

"बरं," म्हणालात. आणि तिथेच, माझ्यासमोर, खिशातली पट्टी काढून बीपीची गोळी घेतलीत.

ती पाटी मला त्या दिवशी संध्याकाळी आठवली. भाजी परतताना एकदम डोळ्यांसमोर आली आणि मी गॅस बंद केला. तुमच्या बीपीची जिला काळजी, ती तुम्हाला त्या गाडीत बसा म्हणाली होती. तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. मला फक्त ते म्हणायची एक संधी दिली होतीत. मग ती गोळी टोमणा होती की मला दिलेला आधार, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी असू शकायचं.

त्या डिसेंबरात आम्ही पुण्याला आलो आणि तुम्ही आम्हाला माईंकडे घेऊन गेलात. माईंनी चहा केला, ईशाला जवळ घेतलं, मला कुंकू लावलं. मग तुमच्याकडे न बघता म्हणाल्या, "तिकडची जत्रा छान होती म्हणे, भाऊजी."

तुम्ही सातवीत असताना माई लग्न होऊन तुमच्या घरात आल्या. तुमची गणितं त्यांनी करून घेतली, तुमच्या शर्टांची बटणं त्यांनी लावली. प्रत्येक दिवाळीला अनारशांचा वेगळा डबा तुमच्यासाठी यायचा, मिलिंदच्या आई होत्या तेव्हाही आणि नंतरही. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "हो, वहिनी."

मिलिंद म्हणायला लागला, "माई, ॲक्च्युअली त्या दिवशी..." आणि तुम्ही त्याला तोडलंत. "मिलिंद, चपला आत घे रे. खाली कुत्रं फिरतंय."

तो उठला आणि चपला आत घेतल्या. मी चहा प्यायले. नाना, मी तो सगळा चहा प्यायले आणि माईंनी विचारल्यावर अर्धा कप आणखी घेतला.

घरी येताना रिक्षात मी तुम्हाला म्हटलं, "का नाही सांगू दिलंत त्याला?" तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "माझ्यावर रागावली तर दोन दिवाळ्यांत विसरेल ती. तुमच्यावर रागावली तर तुम्हाला त्या घरात पाय ठेवता येणार नाही. मला चालतं." मी म्हटलं, "मला नाही चालत." तुम्ही म्हणालात, "मग सांग जा." रिक्षा अजून कोपऱ्यावरच होती. मी उतरले नाही.

आणि तुमचा अंदाज चुकला. दोन दिवाळ्या झाल्या, चार झाल्या, डबा आला नाही. तुम्ही फोनवर म्हणायचात, "यंदा बाजारचे आणले. बाजारच्यांना जाळी पडते, पण चव नाही." तेवढंच. तक्रार कधी केली नाहीत, आणि म्हणून मला आणखी राग यायचा तुमचा. एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर. दर फोनला विचारायचात, "वास्तुशांत केली का गं?" मी म्हणायचे, करू या. केली नाही. ते लाल कापड काढलं की तुमचा प्रश्न ऐकू यायचा. ते पुरण मी महिनाभर फ्रीजरमध्ये ठेवलं आणि मग एके दिवशी थोडं थोडं करून फेकून दिलं.

काल रात्री मी माईंना फोन केला, तिकडे सकाळ होती. मिलिंद नदीवर गेला होता, ती वेळ साधली. दुसऱ्या कुणी फोन घेतला असता तर मी ठेवून दिला असता, पण त्यांनीच घेतला. मी सगळं सांगितलं. शिरीषच्या फोनपासून शैलाकाकूंपर्यंत. मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे भाऊजींना माहीत नव्हतं," शेवटी म्हणाल्या.

"नव्हतं, माई."

"बीपीसाठी सांगितलं नाहीस?"

"नाही. पूजेसाठी."

त्यांना समजावून सांगायला लागलं नाही. सुतकाचं ते गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. "झाली का मग ती पूजा?"

"नाही. अजून नाही."

"म्हणजे हेही नाही आणि तेही नाही," म्हणाल्या. मी फोटोचं विचारलं. मिलिंद मागतोय, पाठवू की नको. त्या म्हणाल्या, "पाठव. माझ्याकडे यायचे ते नुसते मान खाली घालून बसायचे. हसलेले बघू दे मला एकदा."

मला वाटलं, आता ठेवतील. पण त्यांनी ठेवला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"यंदा पाठवणार होते गं मी डबा. म्हटलं पुरे झालं, किती दिवस धरायचं. पीठ मुरत ठेवलंय. आता सुतकात तळायचे नाहीत."

आणि मग ठेवला.

फोटो पाठवला मी, तारखेसकट. मिलिंद परत आला की त्यालाही सांगायचंय. तो काय म्हणेल माहीत नाही. म्हणेल ते ऐकून घेईन. इथे देवापुढे दिवा लावलेला नाही. तुमची बातमी आली तो फोनही मीच घेतला होता आणि मिलिंद ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याला बाहेर बोलावून तिथल्या तिथे सांगितलं. इतकं सोपं होतं ते.

तेच मला राहून राहून वाटतंय. त्या रविवारी तुम्ही विचारलंत तेव्हा "पूजेसाठी" एवढाच एक शब्द म्हणायचा होता. तुम्ही "बरं" म्हणाला असतात. गोळी घेतली असतीत. थोड्या वेळाने चहा मागितला असतात आणि कप घासून त्या मशीनमध्ये ठेवला असतात. एवढंच झालं असतं, नाना.